अंतोबाची हरकत

घाट उतरल्यावर पहिल्या टपरीवर आम्ही चहाला थांबलो, आणि भालूकाकांनी टपरीवाल्याला अगदी शांतपणे सांगितलं की तो ज्याला फुल चहा म्हणतो तो मुळात पाऊणच आहे. टपरीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहिलं. सांगलीहून निघाल्यापासून काकांची पेट्रोलपंपावर, एका केळीवाल्याकडे आणि एका मैलाच्या दगडावर हरकत घेऊन झाली होती. त्या दगडावरचं अंतर आधीच्या दगडाशी जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. समोर दगडच असल्यामुळे वाद वाढला नाही.

"काका, चहा प्या आणि चला," मी म्हटलं.

"पितो की. पण पाऊण पितोय हे त्याला माहीत असलं पाहिजे."

भालूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आयुष्यभर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तराजूखाली चिकटवलेली चिंच शोधायची, लिटरच्या मापाला आतून पोचा आहे का ते बोटानं चाचपायचं, हे त्यांचं काम. त्यांनी ते इतकं मनापासून केलं की निवृत्त झाल्यावरही त्यांना ते सोडता आलं नाही. बाजारपेठेत त्यांना कुणी चहा विचारत नसे. लग्नही राहिलं ते असंच. मुलगी पाहायला गेले की पोह्यांपासून पत्रिकेपर्यंत प्रत्येक गोष्टीवर काहीतरी निघायचं. आणि यातली सगळ्यांत त्रासदायक बाब म्हणजे त्यांची हरकत बहुतेक वेळा बरोबर असायची. माणूस चुकीचा असेल तर निदान घरी येऊन त्याच्यावर हसता येतं. काकांच्या बाबतीत तीही सोय नव्हती.

त्या वर्षी आमच्या घराण्यात कुलवृत्तांत काढायचं ठरलं होतं. मिरजेचे श्रीपादकाका समितीचे अध्यक्ष, आणि भालूकाका सभासद. सभासद म्हणून ते तीन-चार बैठका टिकले. त्यांनी वंशावळीच्या मांडणीवर हरकत घेतली, मुखपृष्ठाच्या रंगावर घेतली, एकदा तर आभारप्रदर्शनावरसुद्धा घेतली. शेवटी वाजलं ते मूळपुरुषावरून. आमचं आडनाव नेरवंडकर, म्हणजे आम्ही कोकणातल्या नेरवंड्याचे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून देशावर आला तो अंतोबा. समितीनं त्याच्याबद्दल लिहिलं होतं की तो शांत आणि परोपकारी होता, सगळं गाव त्याच्या शब्दाबाहेर नव्हतं, आणि आपली जमीन देवळाला देऊन तो स्वेच्छेनं घाटावर आला. पुढे एक वाक्य होतं: मूळ गावी आता घराण्याची कोणतीही खूण उरलेली नाही.

भालूकाकांनी त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. तुम्ही जाऊन पाहिलंत का? न पाहता नाही कसं लिहिता? श्रीपादकाका म्हणाले, मग तूच जाऊन आण खूण. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समितीचा एकमतानं झालेला तो पहिला आणि शेवटचा ठराव. त्याच बैठकीत काकांचं सभासदत्वही गेलं.

काकांच्या खात्यातला एक जुना शिपाई नेरवंड्याच्या बाजूचा होता. त्यानं त्यांना सांगितलं होतं की कार्तिकात गावात रवळनाथाची पालखी निघते, आणि ती निघण्याआधी गावातल्या प्रत्येक जुन्या घराण्याच्या नावानं देवापुढे एकेक नारळ ठेवतात. नावं मोठ्यानं पुकारतात. ज्याचं नाव पुकारलं तो गावचा. काकांना तो नारळ हवा होता. बाकी काही नको, जमीन नको, पावती नको, अंतोबाच्या घराण्याच्या नावानं एक नारळ.

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते आणि सुट्टी होती. आईनं मला त्यांच्याबरोबर पिटाळलं. एकटे गेले तर नारळ राहील बाजूला आणि भांडण घेऊन येतील, असं तिचं म्हणणं. मी कुरकुरत निघाले होते. पण टपरीवरून गाडी काढल्यावर काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पमे, एक जागा तरी असावी गं, जिथं आपण गेलो की लोक म्हणतील, हा आमचा." मला एकदम भरून आलं. मी पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेतली आणि त्यांना शपथ घातली. नेरवंड्यात पाऊल ठेवल्यापासून पालखी उठेपर्यंत कशावरही हरकत घ्यायची नाही. काहीही दिसू दे, काहीही ऐकू येऊ दे.

"आणि चूक असेल तर?"

"असू दे चूक. नारळ हवाय ना?"

काकांनी तोंड वाईट केलं, पण गळ्याला हात लावून शपथ घेतली.

गाऱ्हाणं घालण्याचा मान नेरवंड्यात तातू गावकरांकडे होता. देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं मोठ्यानं विनवणी करायची, आणि प्रत्येक वाक्याला गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही तिकडची रीत. तातू पडवीत अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. वय ऐंशीच्या पलीकडचं, अंगात नुसता पंचा. काकांनी वाकून नमस्कार केला, नाव-गाव सांगितलं आणि आम्ही अंतोबाचे वंशज, असं म्हटलं.

अडकित्ता थांबला. आत माजघरात भांडं पडल्याचा आवाज आला. तातूंची सून शेवंतीवहिनी दारात येऊन आमच्याकडे टक लावून पाहू लागली, मग परसात गेली आणि कुंपणापलीकडे कुणाला तरी हाक मारून काहीतरी सांगून आली. थोड्या वेळानं एक बाई विरजण मागायला आली, एक गडी विळा मागायला आला, आणि दोघंही वस्तू न घेता काकांना न्याहाळून परत गेले.

"पाहिलंस?" काका माझ्या कानाशी लागले. "नाव घेतल्याबरोबर कसे चपापले. अजून दरारा आहे."

मलाही तसंच वाटलं. काकांनी मग नळकांड्यातून वंशावळ काढली. स्वतः पट्टीनं आखलेली, प्रत्येक पिढी वेगळ्या शाईनं. तातूंनी ती उलगडू दिली, वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि सुपारी तोंडात टाकली.

"बरी आसा. पण कागद कोणीय काढता. पुण्याचो एक डागतर इल्लो. त्याचो कागद तुमच्यापेक्षा लांब होतो. नारळ घेवन गेलो, आणि मगे कळला, तो ह्या नेरवंड्याचो नव्हतोच."

त्या डॉक्टरनं गावाच्या विहिरीवर स्वतःच्या आजोबांच्या नावाची पाटी लावली होती म्हणे. ती काढायला गावाला फार त्रास झाला. तेव्हापासून नारळाच्या बाबतीत गाव सावध होतं. काकांनी विचारलं, मग पुरावा कोणता चालेल? तातूंनी खांदे उडवले. सरकारी दाखला चालणार नाही, वंशावळ चालणार नाही. मग जरा हसून म्हणाले, "उद्या गाऱ्हाण्याक उभे रवा. नीट आयका. आमका पटला तर आमी सांगू. आणि अंतोबा आपलो म्हणूचो की नाय, ता तुमी पण ठरवा."

हे शेवटचं वाक्य काकांना आवडलं नाही. पण शपथ होती.

ती संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. काका तातूंच्या पडवीत बसले होते आणि त्यांच्यासमोर सगळं चुकीचं चाललं होतं. भिंतीवरचं घड्याळ मागे होतं. पडवीचा एक खांब ओळंब्यात नव्हता. शेजारचा गडी भाताची पोती मापत होता आणि पायली काठोकाठ भरायच्या आतच उपडी करत होता. प्रत्येक गोष्ट काकांच्या डोळ्यांत येई, ओठापर्यंत येई, आणि ते ती गिळत. शिंक अडकलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी शेजारी पहाऱ्याला बसले होते. घड्याळाकडे त्यांची मान वळली की मी खाकरायची.

गावातल्या बायका एकेक करून येऊन बसून जात होत्या. एक म्हातारी तर थेट काकांच्या समोर बसली आणि म्हणाली, काहीतरी बोला. काका म्हणाले, सगळं छान आहे. तिनं पुन्हा विचारलं, पाणी कसं वाटलं? छान. रस्ता? छान. आमचं देऊळ पाहिलंत ना, कळस जरा वाकडो दिसता की नाय? काकांच्या कपाळावरची शीर उडाली. कळस वाकडा होता, मीही पाहिला होता. काका डोळे मिटून म्हणाले, छान आहे. म्हातारी नाराज होऊन उठून गेली.

जेवायला वालाची उसळ, तांदळाच्या भाकऱ्या आणि सोलकढी होती. काका मुकाट जेवले. मी हात धुवायला मागे गेले तेव्हा शेवंतीवहिनी सासऱ्यांना हळूच सांगत होती, "मामा, ह्ये काय अंतोबाचे वाटनत नाय. लयच गरीब आसत ओ."

तातू म्हणाले, "माका पण तसाच दिसता."

मी तशीच उभी राहिले. गरीब म्हणजे तिकडे स्वभावानं गरीब, हे मला कळलं, पण त्यात अंतोबाचं काय बिघडलं, ते कळेना. आमच्या कुलवृत्तांतात तर अंतोबा शांत आणि परोपकारी होता. काका इतके शांत आजवर कधीच नव्हते. मग कमी कुठं पडत होतं? मी काकांना काही सांगितलं नाही. त्यांच्या तोंडावर आधीच दमल्याची कळा आली होती. हरकत न घेणं हे त्यांच्या वयाला झेपणारं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर गाव जमलं. काकांनी नवं धोतर आणि उपरणं काढलं होतं. फुलांनी सजवलेली पालखी सभामंडपात ठेवलेली, चार भोई तिच्या दांडीजवळ तयार. देवापुढे केळीच्या पानावर नारळांची रांग लावलेली होती. काकांनी ते नारळ लांबून मोजले आणि त्यांचा चेहरा पडला. तातूंकडून काल ऐकलेल्या घराण्यांएवढेच नारळ होते, जास्तीचा एकही नव्हता. मी त्यांचा हात धरला.

तातू पुढे झाले. काल सुपारी कातरणारा तो म्हातारा हाच, हे खरं वाटू नये असा खणखणीत आवाज लागला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज वर्सापरमाणा तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत. त्यांची चूकभूल पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका अर्धा क्षण उशिरानं म्हणाले. पुढच्या वाक्याला त्यांना लय सापडली. पोरांबाळांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. जे मुंबईक गेले, त्यांका सांभाळ, व्हय म्हाराजा. हात जोडलेले, डोळे मिटलेले, काका गावाबरोबर डोलत होते. इतक्या लोकांनी म्हटलेल्या एखाद्या गोष्टीला त्यांनी हो म्हटल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"गावात तापसराय येवक नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भाताक रानडुकर लागाक नको, गोठ्यात वाघरू शिराक नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि अंतोबाची हरकत परत कधी तुझ्या पालखीच्या आड येवक नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं. काकाही गरजले.

मग त्यांनी डोळे उघडले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूचे सगळे आमच्याकडे पाहत होते. तापाच्या साथीनंतर रानडुक्कर, रानडुकरानंतर वाघ, आणि वाघानंतर आमचा मूळपुरुष. वर्षानुवर्षं हे गाव देवाकडे त्याच्यापासून संरक्षण मागत आलं होतं. भोई वाकले होते, पालखीला हात घातलेला होता. तातूंनी पहिल्या घराण्याचं नाव पुकारायला तोंड उघडलं.

"थांबा," काका म्हणाले. मी त्यांचा हात जोरात दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि दोन पावलं पुढे झाले. "माझी हरकत आहे."

भोई वाकलेले तसेच राहिले. गेला नारळ, मी मनात म्हटलं, आणि मला रडूच आलं. एवढा घाट उतरून आलो, माणसानं एवढं सोसलं, आणि शेवटी व्हायचं तेच झालं.

तातूंनी मान वळवली. "खयच्या गोष्टीक?"

काल संध्याकाळपासून गिळलेलं सगळं काकांच्या तोंडून बाहेर पडलं. पहिली गोष्ट, मेलेल्या माणसावर त्याच्या माघारी आरोप करायचा, हा कुठला न्याय? दुसरी गोष्ट, पालखी अडवली याला साक्ष कुणाची? तिसरी गोष्ट, देवासमोर एकच बाजू मांडायची आणि बाकीच्यांनी नुसतं हो म्हणायचं, ही चौकशीची पद्धत नव्हे. माझ्याकडूनसुद्धा फसवून हो म्हणवून घेतलंत. चौथी गोष्ट, तुमच्या देवळाचा कळस वाकडा आहे. पाचवी गोष्ट, घड्याळ मागे आहे. सहावी गोष्ट, ती पायली कुणाची आहे ती मला दाखवा.

मागून कालच्या त्या म्हातारीचा आवाज आला. "गे बाये, अडली! पालखी अडली!"

आणि गाव हसायला लागलं. आधी बायका, मग पोरं, मग भोई हसून हसून दांडी सोडून खाली बसले. शेवंतीवहिनी पदर तोंडात कोंबून खांबाला टेकली होती. काका मध्येच उभे. त्यांना वाटलं आपली फजिती झाली. त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी उपरणं सावरलं, निघायच्या बेतानं.

तातू त्यांच्याजवळ आले. त्यांनी काकांचा खांदा धरला आणि अगदी जवळून तोंड पाहिलं.

"आता माका कागद नको," ते म्हणाले. "अंतोबाचोच वंश."

मग पालखी तशीच ठेवून तातूंनी तिथल्या तिथे काकांना ती गोष्ट सांगितली. गावाला ती पाठ होती, मध्येच कुणी विसरलेलं भरूनही घालत होतं. अंतोबा कधी कुणाचं वाईट करणारा नव्हता. पण त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. एका वर्षी नवी पालखी झाली, आणि ती उठायच्या वेळी अंतोबा आडवा झाला. दांडी पुढच्या अंगाला लांब आहे, पुढच्या-मागच्या भोयांवर भार कमीजास्त होणार, कापून सारखी करा, मगच उचला. गाव म्हणालं, देवाच्या पालखीला माप लावायचं नसतं. तो हटेना. फुलं सुकली, पाहुणे जेवून कंटाळून आपापल्या गावी गेले, पालखी जागच्या जागी. अखेर लोकांनी त्याला उचलून बाजूला ठेवलं आणि पालखी काढली. ओहोळाच्या उतारावर तोल गेला. भोई घसरले आणि देवासकट पालखी चिखलात बसली.

"म्हणजे तो बरोबर होता," काका म्हणाले.

"होतो तर. पालखी चिखलात पडली, ता गावान सोसल्यान. पण ह्यो बांधार उभो होतो. तिकडसून म्हणता कसो, 'मी सांगितललंय.' ता काय गावाक सोसला नाय."

लोक पुन्हा हसले. काका हसले नाहीत. 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले होते, आणि ते ऐकून किती जणांनी आमच्या घरी येणं सोडलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असावं. अंतोबाशी त्यानंतर कुणी बोलेनासं झालं. त्याला कुणी हाकललं नाही, पण एक दिवस त्यानं बिऱ्हाड बैलगाडीत घातलं आणि घाटाकडे निघून गेला. पुढच्या वर्षी गावानं गुपचूप दांडी कापून सारखी केली, आणि गाऱ्हाण्यात त्याचं नाव घातलं.

"पण बरोबर असलेल्या माणसाला वाघाच्या रांगेत बसवलंत," काकांचा आवाज आता खाली आला होता. "इतकी वर्षं."

तातू म्हणाले, "खोटो आसतो तर आमी त्याका केवाच इसारलो आसतो. खरो होतो, म्हणान लक्षात ठेवचो लागलो. गावातसून किती गेले. बाकीच्यांची नावा आमका खय म्हायती आसत? ह्याचाच तेवढा घेतो, दर वर्सा, देवासमोर, सगळ्या गावान." मग ते म्हणाले, "तुमका लागला आसात तर काढूया नाव. देवाक कौल लावून इचारूया."

सगळं गाव काकांकडे बघत होतं. काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. मी पुढे व्हावं की नको, मला कळेना.

"नको," ते म्हणाले. "राहू दे. काढलंत तर मात्र माझी हरकत राहील."

यावर कुणी हसलं नाही. तातूंनी मान डोलावली. काका पालखीजवळ गेले. भोयांना बाजूला व्हायला सांगून ते दांडीच्या एका टोकापासून वितीनं मापत गेले, पालखीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत उलटे आले. भर सभामंडपात सगळे पुरुष, बायका, पोरं एका वजनमापे निरीक्षकाच्या विती मोजत उभे होते, आणि मला एकदम लक्षात आलं की यांना खरोखरच उत्तर हवं आहे. अंतोबा गेल्यापासून हवं होतं.

काकांनी पाठ सरळ केली.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "उचला."

शेवंतीवहिनी घरी धावत जाऊन एक नारळ घेऊन आली. तातूंनी घराण्यांची नावं पुकारली आणि अगदी शेवटी तो ठेवला, अंतोबाच्या घराण्याचो म्हणून. शेवटी का, आद्याक्षरानं का नाही, असा प्रश्न काकांच्या तोंडावर मला स्वच्छ दिसला. पण तो त्यांनी गिळला. दोन्ही हात जोडून ते नुसते उभे होते आणि रडत होते, आणि रडताना त्यांना कुणीही पाहत असल्याची फिकीर नव्हती.

कुलवृत्तांतात यातलं काही आलं नाही. श्रीपादकाकांनी अंतोबाला शांत आणि परोपकारीच ठेवलं. काकांनी आश्चर्य म्हणजे त्यावर एक अक्षर काढलं नाही. कार्तिक आला की ते नेरवंड्याला जायचे, आधी माझ्याबरोबर, मग एकटेच एस.टी.नं. तिथं त्यांनी कळस सरळ करवला, पायल्या तपासल्या, घड्याळं लावली, आणि शाळेच्या नव्या खोलीवरून अर्ध्या गावाशी भांडले. शेवंतीवहिनी मला फोन करून त्यांच्या तक्रारी सांगायची, आणि फोन ठेवताना विचारायची, औंदा कधी धाडतस त्यांका?

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी दर कार्तिकात जाते. गाऱ्हाणं हल्ली तातूंचा मुलगा घालतो. तापसराय होते, रानडुक्कर होतं, वाघ होतो, आणि मग तो दोन नावं घेतो. अंतोबाच्या नावाला गाव रीतीप्रमाणे 'व्हय म्हाराजा' म्हणतं. काकांच्या नावाला पुष्कळ मोठ्यानं म्हणतं, कारण त्यांनी ज्यांना छळलं ती माणसं अजून आहेत.